मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र : 'त्यांच्या' आजारांशी आपला काय संबंध, ते सांगते

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीतली सगळी मंडळी,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, गणपतीला गाड्या कुठे लावायच्या त्या मेसेजच्या खाली, दोन ओळी आल्या. मंडळाच्या आरोग्य निधीतून कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या हिस्पॅनिक शेतमजुरांच्या आरोग्याच्या कामाला जाणारे पैसे यंदापासून बंद, आणि वार्षिक संमेलनातलं त्या विषयाचं सत्रही रद्द. त्या जागी आता रिअल इस्टेटमधून पॅसिव्ह इन्कम कसं मिळवायचं यावर कुणीतरी बोलणार आहे म्हणे. असू दे, लोकांना तेही हवं असेल. पण कारण विचारल्यावर मला जी ईमेल आली ती वाचून गप्प बसणं काही जमेना, आणि खासगीत उत्तर दिलं तर ते तिथेच जिरून जाईल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. मंडळाचं नाव किंवा कुणाचंच नाव मुद्दाम घेत नाहीये. भांडण माणसांशी नाहीये, निर्णयाशी आहे.

नव्या सभासदांना मी माहीत नसेन म्हणून थोडं माझ्याबद्दल. मी तासगावची. घरची द्राक्षबाग. भुरी आणि दावण्या या द्राक्षावरच्या रोगांच्या भीतीने पहाटे फवारणीचा ब्लोअर सुरू व्हायचा त्या आवाजात मोठी झालेली. इथे अमेरिकेत येऊन पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी केली आणि त्यानंतरचं सगळं करिअर फ्रेस्नो, टुलारे, कर्न या काउंट्यांमधल्या शेतमजुरांच्या वस्त्यांमध्ये गेलं. हवा, पाणी, कीटकनाशकं, ऊन यांचा हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको आणि बाकी लॅटिन अमेरिकेकडून आलेल्या, कुटुंबांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो आणि तोच आजार एका वस्तीत जास्त आणि शेजारच्या गावात कमी का, हा माझा विषय. आमच्या गावाकडे जी थॉमसन सीडलेस लावतात ती याच कॅलिफोर्नियातल्या एका माणसाच्या नावाची, आणि तिच्यातूनच आमच्या तालुक्यात तासगणेश निवडली गेली. त्यामुळे पहिल्यांदा कर्न काउंटीतल्या डेलानोच्या द्राक्षबागांकडे गेले तेव्हा वेल ओळखीची, गंधकाचा वासही ओळखीचा, फक्त वेलीखाली वाकलेली माणसं मेक्सिकोतल्या मिचोआकान आणि ओआहाकाकडची.

मंडळाच्या निधीतून काय व्हायचं तेही सांगते, कारण ईमेलमध्ये 'रिसर्चला मदत' असा मोघम उल्लेख आहे. तुमच्या पैशातून रिसर्च होत नव्हता, त्याला ग्रँट वेगळी लागते. तुमच्या पैशातून उन्हाळ्यात दोन-चार विद्यार्थ्यांचा स्टायपेंड निघायचा, त्यातली काही आपलीच मराठी मुलं होती, आणि ज्या घरांच्या विहिरीचं पाणी खराब निघायचं त्यांना सिंकखाली बसवायचे फिल्टर घेतले जायचे. बास, एवढंच.

आता ईमेलमधली तीन कारणं.

पहिलं कारण असं लिहिलंय की "त्या समाजातले आजार मुख्यतः त्यांच्या खाण्यापिण्यामुळे आणि लाइफस्टाइलमुळे आहेत". हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तरी वाचा.

मुळात 'तो समाज' असा एक समाज नाहीये. २००८ ते २०११ मध्ये ब्रॉंक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो अशा चार ठिकाणी सोळा हजारांच्या वर हिस्पॅनिक लोकांची तपासणी करून एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात डायबेटिसचं प्रमाण दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांमध्ये साधारण १० टक्के निघालं आणि मेक्सिकन मुळाच्या लोकांमध्ये १८. दमा घेतला तर चित्र उलटं, पोर्टोरिकन मुलांमध्ये देशात सगळ्यात जास्त आणि मेक्सिकन मुलांमध्ये सगळ्यात कमी असलेल्यांपैकी. आणि गंमत म्हणजे गरिबी, इन्शुरन्स नाही, कष्टाची कामं, हे सगळं असूनही अमेरिकेतले हिस्पॅनिक लोक सरासरीने गोऱ्यांपेक्षा जास्त जगतात, १९८६ पासून संशोधक या कोड्याशी झटापट करतायत. २०१९ मध्ये त्यांचं सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षं होतं. मग कोविड आला आणि २०२१ पर्यंत ते ७७.७ वर घसरलं. दोन वर्षांत कुणाचं खाणं बदललं होतं? ही माणसं पॅकिंग शेडमध्ये, कत्तलखान्यात, शेतात, किचनमध्ये होती, त्यांना घरून काम करता येत नव्हतं.

आणि खाण्यापिण्याचाच विषय काढायचा तर आधी आपल्या ताटात बघू. आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांवर मसाला नावाचा अभ्यास आहे, २०१० मध्ये बे एरिया आणि शिकागोत ९०६ जणांना घेऊन सुरू झालेला. त्यात आपल्यातलं डायबेटिसचं प्रमाण हिस्पॅनिक लोकांपेक्षाही वर निघालं. आपण तर चांगले पगारवाले, इन्शुरन्सवाले, वर्षातून एकदा फुल बॉडी चेकअपवाले! मग आपल्याबद्दल कुणी असं एका वाक्यात "यांची लाइफस्टाइलच तशी" म्हणून फाइल बंद केली तर चालेल का आपल्याला?

आता वस्तीत काय दिसतं ते सांगते. टुलारे काउंटीत अशी कितीतरी घरं आहेत जिथे नळाचं पाणी म्हणजे स्वतःच्या किंवा वस्तीच्या छोट्या विहिरीचं पाणी. आजूबाजूला दशकानुदशकं खत टाकलेली शेतं आणि डेअऱ्या, त्यातलं नायट्रेट झिरपून खाली गेलेलं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया डेव्हिसच्या २०१२ च्या अहवालात या खोऱ्यात आणि कॅलिफोर्नियातल्याच सलिनास व्हॅलीत मिळून साधारण २,५४,००० लोकांच्या पिण्याच्या पाण्याला नायट्रेटचा धोका असल्याचं म्हटलंय. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. एका घरात तान्ह्या बाळाची आई मला मोठ्या अभिमानाने सांगत होती की बाळाच्या दुधाचं पाणी मी पंधरा मिनिटं उकळते. आपल्या आयांनी तरी काय वेगळं केलं असतं, उकळलं म्हणजे शुद्ध झालं. पण उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट ते दाट होतं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद त्याने कमी होऊ शकते, ओठ-नखं निळसर पडतात. त्या बाईचं खाणंपिणं, स्वच्छता, काळजी कशात काडीचीही खोट नव्हती. तिला हवा होता रिव्हर्स ऑस्मोसिसचा, म्हणजे आरओ, फिल्टर, जो तुमच्याआमच्या सगळ्यांच्या किचनमध्ये आहे. तो तुमच्या निधीतून बसला. पुढच्या वर्षी अशा घरात मी काय सांगायचं, ते मला कार्यकारिणीने लिहून द्यावं.

कीटकनाशकांचंही तेच. सलिनास व्हॅलीत बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी आणि त्यांच्या टीमने १९९९ पासून सहाशे गरोदर बायकांना घेऊन अभ्यास सुरू केला, बहुतेक मेक्सिकन शेतमजूर कुटुंबं. त्या मुलांना पुढे वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०११ मध्ये छापून आलं की आईच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशक औषधांचे अंश ज्यांच्यात सगळ्यात जास्त होते त्यांच्या मुलांचा वयाच्या सातव्या वर्षी आयक्यू सगळ्यात कमीवाल्यांपेक्षा सरासरी ७ पॉइंटने खाली होता. हा एक अभ्यास उभा राहायला, माणसांचा विश्वास बसायला, मुलं सात वर्षांची व्हायला किती काळ जातो याचा विचार करा. त्याच गटातल्या क्लोरपायरिफॉसवर अशा पुराव्यांच्या जोरावरच कॅलिफोर्नियाने २०२० अखेर बंदी आणली. तेच औषध भारतात अजूनही घराच्या पायात वाळवीसाठी ओततात, हे आपल्यातल्या ज्यांनी गावी घर बांधलंय त्यांना चांगलं माहितीये.

आमच्या कामात आता रक्ता-लघवीच्या जोडीला एक सिलिकॉनचा पट्टा वापरतात, हातात घालायचा, रबरबँडसारखा दिसतो. हवेतलं, कपड्यावरचं, कातडीवरचं रसायन तो शोषून घेतो आणि आठवड्याने लॅबमध्ये त्यातून काय काय बाहेर निघतं ते कळतं. एका शाळकरी मुलीने मला विचारलं की पंधराव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात काढून ठेवला तर चालेल का, ड्रेसवर शोभत नाही. म्हटलं ठेव, फक्त दिलेल्या पिशवीत ठेव आणि पिशवी नीट बंद कर. तिने खरंच तसं केलं आणि वहीत काढल्याची आणि घातल्याची वेळसुद्धा लिहून आणली. इतकी शिस्त मी पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडे पाहिलेली नाही. ती मुलगी शेतात जातच नाही, शाळेत जाते. पट्ट्यात तरीही औषधं निघाली, कारण बाप कामावरून येतो त्याच बुटांनी, त्याच कपड्यांनी, आणि घराच्या मागे रस्ता ओलांडला की बाग. यात लाइफस्टाइल कुठे आली?

दुसरं कारण, "विषय सध्या फार पोलिटिकल झालाय". हे मला कळतं, अगदी खरं सांगते. आपल्यातले कितीतरी जण एच-वन-बीवर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत, कुणालाच उगाच नजरेत यायचं नाहीये. पण तब्येतीचा विषय पोलिटिकल आम्ही केला नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेला पर्यावरणीय न्यायाचा, म्हणजे गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांवर प्रदूषणाचा जास्त भार पडू नये म्हणूनचा, आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. त्यानंतर देशाच्या पर्यावरण खात्याने त्या विषयाची ऑफिसं बंद करायला घेतली. आरोग्यातल्या विषमतेवर काम करणाऱ्या असंख्य ग्रँट मधेच थांबवल्या गेल्या, आणि अल्पसंख्याकांच्या आरोग्याची जी राष्ट्रीय संस्था २०१० मध्ये उभी राहिली तीच बंद करायचा प्रस्ताव २०२६ च्या बजेटमध्ये आला. म्हणजे सरकारी नळ बारीक होत असताना आपण आपला तांब्याही पालथा घातला.

ग्रँट मधेच थांबते तेव्हा काय होतं ते बाहेरून कळत नाही. पेपर लांबतो, प्रमोशन अडकतं, ते ठीक आहे, ती माझी डोकेदुखी. खरी पंचाईत फ्रीजरमधल्या नमुन्यांची आणि ज्या घरांना "रिझल्ट आणून देऊ" असं सांगितलंय त्या घरांची. या क्षेत्रात नाव कमावलेले लोक आधी डेटा घेऊन जायचे आणि परत यायचेच नाहीत, वस्तीतल्या लोकांना हे पक्कं आठवतं. मला पहिल्या वर्षी एका आजींनी तोंडावर विचारलं होतं, की तू पण रक्त घेऊन जाणार आणि परत दिसणार नाहीस ना? त्यात सगळ्यांना स्पॅनिश येतं असंही नाही, ओआहाकाकडून आलेली कितीतरी मंडळी घरात मिश्तेक ही तिथली मूळची भाषा बोलतात, त्यांना स्पॅनिशमधला संमतीचा फॉर्म म्हणजे मला कन्नडमधला. तिथे वस्तीतल्याच आरोग्य कार्यकर्त्या, आपल्या आशाताईंसारख्या बायका, दारोदार जाऊन समजावतात. आपल्या स्टायपेंडवरची मुलं त्यांच्याबरोबर फिरायची, पाण्याचे नमुने घ्यायची, निकाल कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरोघरी पोचवायची. यात कुठला पक्ष आणि कुठलं मतदान?

तिसरं कारण, "निधी आपल्या लोकांसाठी". बरं. मग आपले लोक कोण ते ठरवू.

फ्रेस्नोच्या आसपास बेदाण्याच्या बागा असलेले पंजाबी शेतकरी कितीतरी आहेत, तिथली हवा आणि तिथली धूळ तेही तितकीच खातात. व्हॅली फिव्हर ही मातीतल्या बुरशीने होणारी फुप्फुसाची लागण, ती जमीन खणणाऱ्या मजुराला होते आणि सोलर प्लांटच्या साइटवर गेलेल्या देसी इंजिनिअरलाही होते, बुरशी पासपोर्ट बघत नाही. शंभर वर्षांपूर्वी इथे आलेल्या पंजाबी पुरुषांना कायद्याने जमीन घेता येत नव्हती, बायका आणता येत नव्हत्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मेक्सिकन बायकांशी संसार केले, युबा सिटी आणि इंपिरियल व्हॅलीत त्यांची नातवंडं-पतवंडं आजही आहेत. तेव्हा हे 'आपले' आणि 'त्यांचे' वाटतं तितकं सोपं प्रकरण नाहीये.

गावाकडचं बोलायचं तर २०१७ आठवा. यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना २० च्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात. तेव्हा आपल्याच मंडळाने श्रद्धांजली वाहिली होती, मी हॉलमध्ये होते. आता विचारते, कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे की ऑर्गॅनोफॉस्फेटसारखी औषधं नियमितपणे हाताळणाऱ्या मजुराची कोलिनएस्टरेजची, म्हणजे नसांचा संदेश थांबवणाऱ्या एन्झाइमची, रक्ततपासणी मालकाने करायची, आणि पातळी ठरावीक टक्क्यांनी खाली गेली की त्याला त्या कामावरून बाजूला काढायचं. ऑर्गॅनोफॉस्फेट या एन्झाइमला अडवून धरतं, मग नस थांबायचंच विसरते, लाळ, घाम, डोळ्याची बाहुली बारीक, आणि शेवटी श्वास. ते वेळेत पकडायची साधी तपासणी. हे ज्ञान इथल्या मेक्सिकन मजुरांच्या अंगावर काढलेल्या आजारांमधून आलंय आणि ते यवतमाळला, तासगावला, निफाडला लागू पडतं. सत्रात मी नेमकं यावरच बोलणार होते, आपल्यातल्या ज्यांच्या अजून गावी शेती आहे त्यांच्यासाठी. ते रद्द झालं.

आणि शिशाचं सांगायचं राहिलं. मेक्सिकन घरांमध्ये लहान मुलाचं पोट बिघडलं की काही ठिकाणी केशरी-पिवळी पूड द्यायचे, आसार्कोन आणि ग्रेता अशी नावं, त्यात भरपूर शिसं. मुलाच्या रक्तात शिसं जास्त निघालं तर घरातल्या अशा वस्तूंबद्दल विचारायचं, हे दवाखाने तिथून शिकले, आणि आज तोच प्रश्न आपल्या घरात काजळ, कुंकू-शेंदूर, भस्म आणि गावाहून आणलेल्या सुट्या हळदीबद्दल विचारतात. आपल्यातल्या किती आयांना हे माहितीये? मंडळाच्या आरोग्य शिबिरात साखर आणि बीपी तपासतात, छान आहे, पण मुलांच्या रक्तातल्या शिशाचा 'श'सुद्धा मी तिथे कधी ऐकला नाही.

राहता राहिली पद्धत. हा निधी सभासदांनी 'सामुदायिक आरोग्य' या नावाने दिलेला आहे, पावतीवर तसंच छापलंय. त्याचा उपयोग बदलायचा असेल तर सर्वसाधारण सभेत विषय यायला हवा होता. मला, किंवा ज्या विद्यार्थ्यांना वसंतातच हो म्हणून कळवलं होतं त्यांना, एक फोनही नाही. त्यातल्या एकीने दुसरी नोकरी सोडलीये.

तर माझ्या मागण्या अशा. निर्णय येत्या सर्वसाधारण सभेपर्यंत स्थगित ठेवा आणि तिथे मतदान घ्या, सभासद नाही म्हणाले तर मी निमूट मान्य करेन. ज्या बैठकीत हा निर्णय झाला तिचं इतिवृत्त सभासदांना पाठवा. ज्या विद्यार्थ्यांना शब्द दिलाय त्यांचा या उन्हाळ्याचा स्टायपेंड कुठल्याही परिस्थितीत द्या, तो मतदानावर ठेवू नका. ईमेलमधलं 'खाण्यापिण्यामुळे' हे वाक्य लेखी मागे घ्या, कारण ती ईमेल आता पुढे फिरतेय आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या मेक्सिकन सहकाऱ्यांपर्यंत पोचलीये, मला त्यांच्यासमोर बसायचं असतं. संमेलनात सत्रासाठी पाऊण तास मिळत नसेल तर वीस मिनिटं द्या, जेवणाच्या आधीची चालतील, मला माईकही नको. आणि यंदाच्या आरोग्य शिबिरात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी शिशाच्या तपासणीची माहिती देणारं एक टेबल ठेवा, त्याची माणसं आणि सामान मी आणते, मंडळाला खर्च नाही.

निधीतून आजवर किती फिल्टर बसले, कुठे बसले, पाण्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे काय, याचा हिशेब घरांचे पत्ते वगळून तयार आहे, खजिनदारांना आजच पाठवतेय. सभेची तारीख आणि विषयपत्रिका पंधरा दिवसांत कळवावी, उत्तर ग्रुपवर दिलंत तरी चालेल.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद